ताईचं चुकलेलं उत्तर

आकड्यांची करामत करणारी ती जगप्रसिद्ध बाई वारली, त्या दिवशी यवतमाळच्या आमच्या घरी सांत्वनाचे फोन आले. ती आमच्या ना नात्याची ना गोत्याची. पण माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, सगळ्या आळीनं लहानपणी तिचंच नाव ठेवलं होतं, त्यामुळे लोकांच्या लेखी सुतक आमच्याकडेच होतं. ताई नेमकी माहेरी आली होती. तिनं एकेक फोन घेतला आणि प्रत्येकाला शांतपणे "हो ना, वाईट झालं" म्हणाली. मी आधी पोट धरून हसले आणि मग मलाच रडू आलं.

ती बाई आमच्या गावात एकदाच आली होती. मी इतकी लहान होते, की मला तिची रेशमी साडी आणि ठसठशीत कुंकू एवढंच आठवतं; बाकीचं सगळं घरी ऐकलेलं. टाउन हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्राध्यापक मंडळी फळ्यावर भलेमोठे आकडे मांडत होती आणि खडू खाली ठेवायच्या आत बाई उत्तर सांगून मोकळी होत होती. बाबा सरकारी कचेरीत कारकून. टाळ्या वाजवून त्यांचे हात लाल झाले. ताई तेव्हा तिसरीत होती. एका गुणाकाराला तिनं बाईच्या बरोबरीनं उत्तर पुटपुटलं आणि ते बाबांच्या कानावर पडलं. झालं! घर येईपर्यंत बाबांनी तिचं भविष्य ठरवून टाकलं होतं. ताईनं वाटेत एकच विचारलं, "बाबा, ह्या बाई एकट्याच गावोगाव फिरतात?" बाबा आपल्याच नादात होते. एकाच बाईकडून दोघांनी त्या दिवशी दोन वेगळ्या गोष्टी घेतल्या, हे मला फार उशिरा कळलं.

मग ताईचे कार्यक्रम सुरू झाले. शाळांची गॅदरिंगं, गणपती मंडळं, ओळखीच्या घरची मुंज. बाबा तिला एसटीनं आर्णीला न्यायचे, पांढरकवड्याला न्यायचे. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि समोरून लोक आकडे फेकताहेत! तिचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे जन्मतारीख सांगा, वार सांगते. त्यात एक गंमत व्हायची. आमच्याकडच्या खेड्यांत शाळेत नाव घालताना गुरुजी मनानंच तारीख लिहायचे, त्यामुळे निम्मं गाव एक जुलैचं. ताई प्रामाणिकपणे वार सांगायची आणि एखादी म्हातारी खालून ओरडायची, "हाट्! हा तं बजाराच्या दिवशी झालता!" सगळा मांडव हसायचा. मला ताईचा भारी हेवा वाटे. माझ्या गणिताचा आनंदीआनंद होता, त्यामुळे माझ्या वाट्याला तिच्या रिबिनी धुणं आलं.

पुढे कापसाची ती वाईट वर्षं आली. खरेदी केंद्रापुढे गाड्यांची रांग दिसायची, रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लटकलेला असायचा, पण भावाचा विषय काढला की माणसं दुसरीकडे पाहायची. बाजाराची रया गेली. मंडळांनी ताईला बोलावणं बंद केलं. ती तोवर बी.एस्सी. झाली होती आणि तिला नागपूरला होस्टेलवर राहून गणितात एम.एस्सी. करायचं होतं. हे ती आईला रोज सांगायची आणि आई रोज म्हणायची, "बाबाले विचार." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. कारण त्या दिवसांत पगारदार मुलगा म्हणजे सोनं. मुलींचे बाप अक्षरशः धावत होते. त्यातच आमच्याकडे आपण होऊन एक स्थळ चालून आलं. मुलगा वणीकडे कोळशाच्या खाणीत कायम नोकरीला, निर्व्यसनी, माणसं साधी. आईनं देवापुढे साखर ठेवली.

पाहुणे रविवारी आले. मुलगा, त्याची आई आणि सगळं बोलणं ज्यांच्याकडे होतं ते मामा. पोहे झाले, लाडू झाले. मामांनी ताईची कीर्ती ऐकली होतीच.

"पाहू बरं बाई, आमच्या पोराचा वार सांग," ते म्हणाले आणि त्यांनी तारीख दिली. अर्थातच एक जुलै.

"गुरुवार," ताई म्हणाली.

मुलाची आई हसली. "कायचा गुरुवार! हा पोळ्याच्या करीचा हाय. तारीख गुरुजीनं टाकली."

सगळे हसले आणि ताईचं कौतुक तसंच राहिलं. वार तिनं मुद्दाम चुकवला होता, हे तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

मग मामांनी गुणाकार घातला, "चारशे सत्त्याऐंशी गुणिले तीनशे सव्वीस."

"एक लाख अठ्ठावन्न हजार सातशे त्रेसष्ट."

मी गणितात ढ, पण सात सक बेचाळीस मलाही येतं. शेवटी दोन हवे होते. ताईनं चूक अशा जागी ठेवली होती, की चौथीतल्या पोरालाही सापडावी. तिला नकार हवा होता, आणि आमच्या घरात मुलीनं तो तोंडानं द्यायची पद्धत नव्हती. हा एवढाच रस्ता तिला सुचला होता.

आणि पाहुण्यांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या! "मशीनच हाय पोरगी!" म्हणत मामांनी पसंती तिथल्या तिथं सांगून टाकली. मी ताईकडे पाहिलं. भरल्या खोलीत इतकी एकटी मी तिला कधी पाहिली नव्हती. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझं ऐकणार कोण?

तेवढ्यात बाबा बोलले, "थांबा जी. उत्तर चुकलं तिचं."

मामा म्हणाले, "चुकलं तं चुकलं. कायले मनावर घेता? आम्हाले का तिच्याकडून दुकान चालवाचं हाय!"

"मले घ्याचं हाय मनावर," बाबा म्हणाले. "पोरीचं लक्ष इथं नाही. तिले नागपूरले शिकाचं हाय. तुमचा पोरगा चांगला हाय जी, पण आता नाही जमणार."

आमची पोरगी कधी चुकत नाही, असं गावभर सांगत फिरलेला माणूस हात जोडून हे बोलत होता. आई पदर तोंडाला लावून आत गेली आणि पुढे कित्येक दिवस बाबांशी धड बोलली नाही. तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. अशी स्थळं त्या वर्षांत रोज येत नव्हती.

कॉलेजं उघडली तसं ताईला नागपूरच्या गाडीत बसवायला बाबा आणि मी स्टँडवर गेलो. गाडी निघून गेली तरी बाबा तिथंच उभे होते. त्यांचे डोळे भरले होते आणि मला ते पाहवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "बाबा, सात सक बेचाळीस तुम्ही बरं पकडलं."

"कायचं सात सक?"

"मामांनी घातलेला गुणाकार, तो."

"मले कुठं येते एवढा गुणाकार?" बाबा म्हणाले. "मी आकडा कधी ऐकतच नाही. पोरीचं तोंड पाहतो. उत्तर सांगते तं कशी खुलते ती. त्या दिवशी नाही खुलली." मग ते माझ्याकडे वळले आणि जरा घाबरूनच त्यांनी विचारलं, "म्हणजे खरंच चुकलं होतं काय?"