गिरजाबाईंची बांधी

दिघोरीच्या आनंदरावांकडे फोटो काढायला गेलं, की आधी चहा मिळतो आणि मग फोटो. घरच्या थोड्या बांध्या, म्हणजे धानाच्या शेताचे तुकडे, आणि पुढच्या खोलीतला स्टुडिओ, एवढा त्यांचा पसारा. कॉम्प्युटरशीही ते बैलाशी वागावं तसंच वागायचे. कुरकुरला, की पाठीवर हात फिरवायचे.

त्या दिवशी सकाळी त्यांनी शेजारच्या गिरजाबाईंची धान रोवताना म्हणायची गाणी कॅमेऱ्यात घेतली. म्हातारीने आधीच बजावलं होतं, "एकदाच गाईन, बाबू. उद्या मी लेकीकडे बपेऱ्याले चालली." गाता गाता कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. संध्याकाळी गावातल्या प्रतीक्षाच्या लग्नाचं शूटिंग, तेही त्याच कार्डावर. म्हणजे गाणी आधी कॉम्प्युटरवर उतरवायला हवीत, आणि तिथे तर जागा तुकड्यातुकड्यांत; एकाही तुकड्यात सगळी गाणी मावेनात.

आनंदरावांना वाटलं, यात काय अवघड! डिस्कचे सी, डी, ई असे भाग आहेत. दोन बांध्यांमधला धुरा, म्हणजे बांध, फोडला की एक मोठी बांधी होते, तसंच हे. त्यांनी ईमधली जुनी लग्नं उचलून डीमध्ये कोंबली आणि ई पुसून टाकला. आता डी पसरेल म्हणून चष्मा पुसून बघतात, तर डी लाल, गच्च. आणि ईच्या जागी नुसती काळी, रिकामी पट्टी. डी वाढवायचं बटण फिकट पडलेलं, कितीही दाबलं तरी ढिम्म.

"अवो, जेवाले येता का तिथंच वाढू?" त्यांच्या पत्नी ललिताबाई दारात उभ्या.

"जागा हारपली व."

"कोणाची?"

"कॉम्प्युटरची. धुरा फोडला, पण पाणी इकडं येऊनच नाही राहिलं."

ललिताबाईंनी पदराला हात पुसत पडद्यावर बोट ठेवलं. लाल आणि काळ्याच्या मध्ये एक बारीक पट्टी होती. "हे मधात काय आहे?"

"कंपनीनं ठेवलेला भाग आहे. बिघाड झाला तर कामी येते. त्याले हात नाही लावायचा."

"मंग? मधात दुसऱ्याची बांधी, अन् तुमचं पाणी काय उडी मारून येईल?"

आनंदराव हिरमुसले. त्यांनी कार्ड उचलून तळहातावर घेतलं. "लग्न तर टळत नाही. गाणी पुसतो आता."

"काहून? एवढी काळी बांधी पडीत पडून आहे न! जोडली नाही जात तर वेगळी रोवा!"

आनंदरावांनी बायकोकडे पाहिलं, मग पडद्याकडे. काळ्या पट्टीवर उजवं बटण दाबलं, नवा भाग पाडला. कॉम्प्युटरने नाव विचारलं, ते त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं. गाणी उतरू लागली. ताटातली भाजी गार झाली, तरी ते उठले नाहीत. शेवटी एक गाणं लावून पाहिलं; आधी गिरजाबाईंचं खाकरणं आलं, मग आवाज. तेव्हा कुठे त्यांनी कार्ड रिकामं केलं.

लग्नाला निघाले, तर गिरजाबाई ओट्यावर गाठोडं बांधत बसलेल्या. "गाणे ठेवले का रे बाबू, का हारपवले?"

"तुमची वेगळी बांधी पाडली, मावशी."

"हो का? अन् सातबारा कोणाच्या नावानं?"

"तुमच्याच. नाव लिहूनच आलो."

म्हातारीने गाठोड्याची गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "मंग बरं. धुऱ्यावर कोणाचं ढोर चढू देऊ नको."