शेवंतामावशींचं भजं आणि डॉलर

वाशी या तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोर मिरचीभजी तळणाऱ्या शेवंतामावशी मला रोज सकाळी एकच प्रश्न विचारत, "सर, डॉलरचा ताप उतरला का?" चूक माझीच. मी तिथल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि शिकवायची खोड वर्गाबाहेरही सुटत नाही. तेलाचा डबा का महागला, असं त्यांनी एकदा सहज विचारलं आणि मी अर्धा तास घेतला. पामतेल परदेशातून येतं, त्याचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात, रुपया पडला की तिकडचा भाव तोच असूनही इकडे डबा महागतो, वगैरे.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपल्याकडं सोयाबीनच्या थप्प्या लागल्यात, अन् तेल जहाजातनं आणायचं? कुणाचं डोकं म्हणायचं ह्ये?" मी घाईघाईनं कॉलेजकडे निघालो.

त्यांनी भाव वाढवला नाही, भजं लहान केलं. तेही चोरून नाही. डॉलर चढला की पहिल्या घाण्यालाच ओरडत, "आज भजं बारीक हाय, बगून घ्या!" एका कंडक्टरनं भजं चिमटीत धरून विचारलं, "मावशे, ही गोळी जेवणाआधी घ्यायची का नंतर?"

"डॉलर उतरंपर्यंत घ्या," मावशी म्हणाल्या.

पण समोरच्या गाड्यावरचं भजं काही लहान होईना, कारण तिथलं तेल चार-चार दिवस बदलत नसे. गिऱ्हाईक हळूहळू तिकडे सरकलं. मावशींचं घर त्या एका कढईवर चालायचं, त्यामुळे मला काळजी वाटू लागली. "तुम्हीही तेल दोन-तीन दिवस चालवा की," मी शहाणपणा केला.

झारा हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "तुमी खाल का त्यातलं?"

"नाही."

"मंग?"

एका सोमवारी कढई दिसलीच नाही. जवळ जाऊन बघतो तर मोठ्या पातेल्यात भुईमुगाच्या शेंगा उकडत होत्या आणि भोवती ही गर्दी!

"तेलाचा थेंब न्हाय, सर!" मावशी ओरडल्या. "शेंगा हितल्या, पाणी हितलं, मीठ आपलंच. आता कितीबी चढू द्या त्याला, म्या कुणाला भेत न्हाय!"

इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. पातेल्याखालचा गॅसही बराचसा परदेशातूनच येतो, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी तास घेतला नाही. शेंगा घेतल्या आणि मुकाट्यानं कॉलेजकडे निघालो.