चंदेरी रबरी मासा

काल शेड आवरताना मासेमारीच्या सामानाचा टॅकल बॉक्स उघडला आणि रबराचा उग्र वास नाकात गेला. लगेच डॉर्सेटच्या किनाऱ्यावरचं ते छोटं दुकान आठवलं.

बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच माझ्याकडे इंग्लंडात, ब्रॅकनेलला आली होती. अलिबागची बाई, पण बाबा गेल्यापासून तिनं मासा तोंडात घातला नव्हता. मी सी बास मासे पकडायला निघालो, तेव्हा घरात एकटी नको म्हणून तिलाही सोबत नेलं.

दुकानाची अख्खी भिंत गळाला लावायच्या रबरी माशांनी भरलेली. ढीगभर व्हिडिओ पाहूनही मला ठरवता येईना. "आई, यातला कुठला घेऊ?" मी उगाच विचारलं. तिनं एक चंदेरी मासा उचलला, पोटाला अंगठा दाबून पाहिला, ताजा आहे का बघायला सवयीनं कल्ला उघडायला गेली आणि एकदम हसत सुटली. "अगं बाई, हा रबराचा की रे!"

तोच मासा घेतला आणि दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे खडकांपाशी गळ टाकला, थांबत थांबत सावकाश ओढला. संध्याकाळपर्यंत एकही बास लागला नाही. मी जाम वैतागलो होतो. परतताना गाडीत आई म्हणाली, "हा तुमचा बास आपल्या जिताड्यासारखाच ना? पुढच्या शनिवारी परत येऊ. दोघांना पुरेल एवढा मिळाला पाहिजे. कालवणाला घरी आमसुलं आहेत ना?"