खाऱ्या पाण्याची ऊब

आई गेल्यापासून मला डोंबिवलीच्या घरातली माशांची टाकी वारंवार आठवते. टाकी बाबांची होती. आईने तिला कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

ती खाऱ्या पाण्याची टाकी होती. नव्वदच्या सुमाराला आमच्या भागात गोड्या पाण्यातले मासे पुष्कळांकडे असत. खाऱ्या पाण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. बाबा कळव्याच्या एका कोळी मित्राला गाठून खोल समुद्रातलं पाणी कॅन भरून आणत. तो दर वेळी हसायचा, "पानी नेतस, आन् म्हावरा नको?" आमचं घर शाकाहारी. बाबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, कल्याणहून आली की टाकीकडे बघून विचारायची, "दादा, हा तळायचा कधी?" बरेच मासे मेले. शेवटी एकच उरला, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला, बोटाएवढा.

त्याला पाणी कोमट लागे. एरवी हीटर असायचा. पण थंडीत वीज गेली की बाबा टाकीला जुनी रजई गुंडाळत आणि सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून, बुचं घट्ट लावून त्या आत सोडत. गरम पाणी थेट ओतलं तर पाण्याचा खारेपणा बिघडतो, असं ते सांगत. मग मनगट बुडवून बघत, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसं.

जानेवारीतल्या एका पहाटे बाबा झोपेतच गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि आमच्या सगळ्या आळीची वीज गेली. भेटायला येणाऱ्यांसाठी दार सताड उघडं होतं. ऊन उतरलं तसा गार वारा सरळ आत येऊ लागला. टाकीतले बुडबुडे थांबले होते. मासा खाली वाळूशी कलल्यासारखा उभा होता, कल्ले तेवढे हलत होते. बाबांनी जोपासलेलं, जिवंत असं त्या घरात तेवढंच उरलं होतं. निदान आत्ताच ते जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

मी रजई गुंडाळली आणि पातेलं घेऊन गॅसकडे वळले. आत्या आडवी आली.

"अगं, तीन दिवस घरात चूल पेटत नाही आपल्याकडे."

"माशासाठी पाणी तापवायचंय, आत्या."

"मग शेजारून आण."

शेजारच्या काकू कालपासून चहा आणि पिठलंभात आणून देत होत्या. पण बाटल्या निवल्या की पुन्हा भरायच्या, पुन्हा निवल्या की पुन्हा. सुतकातल्या घरच्या बाटल्या सारख्या त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवायच्या, हे आत्याला स्वतःलाच पटेना. ती बाहेर येऊन टाकीपुढे उभी राहिली. बाबांच्या जागी पिठावर ठेवलेला दिवा काचेत दिसत होता.

"चूल बंद ती आपल्या पोटासाठी," ती अखेर म्हणाली. "हा काय आपल्या गोत्राचा आहे? त्याला कसलं आलंय सुतक?"

मी गॅस पेटवला. त्या आवाजाने चुलतभाऊ आत डोकावला, तशी ती त्याच्यावर ओरडली, "चहा नाहीये तो! माशाचं पाणी आहे. तू गार चहा पी."

बाटल्या मी भरत होते. पंप बंद म्हणून आत्या पदर खोचून तांब्याने टाकीतलं पाणी उचलायची आणि उंचावरून पुन्हा आत सोडायची. "काय घाण वास आहे रे, दादा," ती पुटपुटली. "जाता जाता मला हेही करायला लावलंस." मग तिने तांब्या खाली ठेवला आणि डोळे दंडाला पुसले. आई भिंतीला टेकून आमच्याकडे बघत होती. कालपासून ती कोणाशी बोलली नव्हती.

काळोख पडता पडता वीज आली. सगळ्या जिन्यांतून पोरांनी "आलेऽऽ" करून गिल्ला केला, आणि कोणीतरी त्यांना दटावल्यासारखा तो एकदम थांबला. आमच्याकडे सुतक होतं ना. बुडबुडे सुरू झाले. थोड्या वेळाने मासा हळूहळू वर आला आणि काचेशी तोंड उघडमीट करू लागला.

"भूक लागली असेल," मी म्हटलं. "बाबा काय घालायचे याला?"

आत्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. टाकीखालचं कपाट मी उघडलं. त्यात जाळी आणि नळ्या होत्या, खाणं कुठेच नव्हतं.

"कोळंबी," आई म्हणाली.

आम्ही दोघी वळलो.

"पहाटे गॅलरीत बसून कात्रीने कापायचे. मग साबणाने दोनदोनदा हात धुवायचे. मी झोपल्यासारखी पडून राहायचे."

"वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"वास येतो हो, वन्सं." आईने पदर सारखा केला. "पण विचारलं असतं, तर त्यांनी मासा देऊन टाकला असता."

सकाळी मी बाजारातून मूठभर कोळंबी आणली. आई गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसली होती, पदर नाकाशी धरलेला. मी पुडी सोडायला लागले, तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.