साठ अंशांवर बंद पडणारा संगणक

पेरुंगुडीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या डोक्यावर थेट गच्ची होती. मे महिन्यात कत्तिरी लागली, म्हणजे इथल्या उन्हाळ्याचे सगळ्यांत कडक दिवस आले, की दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. त्या वर्षी कत्तिरीत आमचा संगणक दुपारी आपोआप बंद पडू लागला.

एरवी मी ते मनावर घेतलं नसतं. पण त्याच आठवड्यात त्या संगणकावर बायकोची परीक्षा चालू होती. माझी बँकेतली बदली झाली म्हणून ती साताऱ्यातली शाळा सोडून माझ्यासोबत आली होती. तिथे ती जीवशास्त्र शिकवायची. इथल्या शाळांना तमीळ बोलणारी बाई हवी होती. दोन वर्षं घरात काढल्यावर तिला मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचं काम सापडलं. परदेशातल्या डॉक्टरांनी रुग्णांबद्दल बोलून ठेवलेलं ऐकायचं आणि टाइप करायचं. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. तमीळचा संबंध नव्हता, शरीरशास्त्राचा होता. फाइल सकाळी यायची आणि दुपारी चारच्या आत परत जायला हवी होती. काम देण्याआधी कंपनी चाचणी घेत होती आणि एका सकाळी तिची शेवटची फाइल आली. ती वेळेत गेली नाही तर काम नाही, असं कंपनीनं स्पष्ट कळवलं होतं.

मी त्या दिवशी रजा काढून घरी थांबलो. कॅबिनेटचं बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं, आतला पंखा ब्रशनं साफ केला, समोर टेबलफॅन लावला. तरी अकराच्या सुमाराला टक् करून पडदा काळा झाला.

"गेला," ती म्हणाली. हेडफोन काढला नाही, नुसती बसून राहिली. "दर मिनिटाला सेव्ह करतेय म्हणून बरं."

मी मशीन परत चालू केलं आणि डिलीट दाबत बायोसच्या, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जच्या, निळ्या पडद्यात शिरलो. तिथे एका पानावर प्रोसेसरचं तापमान दिसत होतं: अठ्ठावन्न. बघता बघता एकोणसाठ झालं. त्याच पानावर खाली एक ओळ होती: किती तापमानाला मशीनने स्वतःला बंद करावं. समोर साठ लिहिलेलं होतं. पुढचे पर्याय पासष्ट, सत्तर, पंचाहत्तर आणि शेवटी डिसेबल, म्हणजे मर्यादाच काढून टाकणं.

ज्याच्याकडून संगणक घेतला त्या दुकानातल्या इंजिनिअरला फोन लावला. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "सार, डिसेबल कर दो. इधर सब वही करते हैं."

"तो ज्यादा से ज्यादा कितना चलता है?" मी विचारलं.

"अस्सी-नब्बे चलता है, सार."

"अस्सी या नब्बे?"

तो हसला. "आप बँकवाले हो ना, सार?"

मदरबोर्डबरोबर आलेली पुस्तिका मी चाळली. प्रोसेसर किती सोसेल ते त्याच्या उत्पादकाला विचारा, एवढंच त्यात होतं. ज्या आकड्याचा आधार मला ठाऊक नाही त्यावर मी बँकेत सही करत नाही. इथे तर चुकलो असतो तर प्रोसेसर जळाला असता आणि फाइल आतच राहिली असती. कंपनीचं सॉफ्टवेअर आमच्या एकाच मशीनवर चालायचं. नेट कॅफेत जाऊन भागणार नव्हतं.

"अहो, करा ना डिसेबल," ती मागून म्हणाली. "एका दुपारचा तर प्रश्न आहे."

"आकडा कळल्याशिवाय नको."

"मग रीतसर पत्र लिहा त्या उत्पादकाला. उत्तर येईपर्यंत मी साताऱ्याला जाऊन पुन्हा शाळेत लागते."

ती हे हसत म्हणाली नव्हती. मी पडद्यावरची पानं उलटत राहिलो. दुसऱ्या एका पानावर प्रोसेसरच्या वेगाची ओळ दिसली. मुख्य आकडा एकशे तेहेतीस, त्याला साडेअकरानं गुणलेलं. खाली शंभरचा पर्याय होता. मी वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार केला: वेग पंधराशे तीसच्या जवळपास होता, तो साडेअकराशे होईल. वेग कमी, तर उष्णताही कमी. टाइप करायला पंधराशे कशाला लागतात?

"हळू होईल मशीन," मी म्हणालो.

"पण चालेल ना?"

"बहुतेक."

"तुमच्या तोंडून बहुतेक?"

मी शंभर निवडलं, साठाच्या मर्यादेला हात लावला नाही, आणि सेव्ह करून बाहेर पडलो. पडदा काळा झाला. तो काळाच राहिला. आतला पंखा फिरत होता, कॅबिनेटवरचा हिरवा दिवा लागला होता, पण अक्षर उमटत नव्हतं.

"काय केलंत?"

तेवढ्यात एक बारीक बीप झाला आणि अक्षरं आली.

ती लगेच कामाला लागली. टाइप करताना तापमान बघायची सोय नव्हती. त्यामुळे मशीन अठ्ठावन्नवर आहे की एकोणसाठवर, ते कळायला मार्ग नव्हता. मी तिच्या पाठीशी उभा राहून त्या हिरव्या दिव्याकडे बघत होतो.

"तिकडे जाऊन बसा," ती म्हणाली. "मानेवर तुमचा श्वास लागतोय, तोही गरमच आहे."

दोन वाजले, तीन वाजले. गच्चीची सगळी आग आता खोलीत उतरली होती. दिवा लागलेलाच होता. साडेतीनला तिचं टाइप करून संपलं. मला वाटलं, सुटलो. पण ती पेडल दाबून एकच जागा पुन्हा पुन्हा ऐकू लागली. औषधाचं नाव सांगतानाच डॉक्टरला खोकला आला होता.

"अगं, अंदाजानं लिही. रिकामी जागा सोडलीस तर गुण कापतात ना?"

"कापू देत."

"आणि आत्ता बंद पडलं तर?"

"कुणाच्या तरी पोटात जाणार आहे ते औषध," ती म्हणाली आणि पेडल पुन्हा दाबलं.

तिनं ते आणखी चारदा ऐकलं. शेवटी जागा रिकामीच ठेवली, बाजूला रेकॉर्डिंगमधली त्या जागेची वेळ नोंदवली आणि इंटरनेटसाठी फोनची तार लावून फाइल पाठवली. निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. पट्टी भरली तेव्हा चारला थोडा अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचं उत्तर आलं. एक गुण कापला होता आणि सोबत दोन नव्या फाइली होत्या. मशीन जरा थंड आहे तोवर तापमान बघावं म्हणून मी ते पुन्हा चालू केलं आणि डिलीटच्या कळीकडे हात नेला.

"राहू द्या," ती हेडफोन चढवत म्हणाली. "मला बसायचंय."