चाचांचा स्टीलचा डबा

कुवेतमधल्या फहाहीलमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे चाचा मूळचे रत्नागिरीचे. त्यांचं प्रत्येक वाक्य "आता बघ"ने सुरू होतं. कुणाकडेही गेले तरी स्वतःचा स्टीलचा डबा बरोबर नेतात. ज्या घरची कमाई त्यांना पटत नाही, तिथलं पाणीही पीत नाहीत. आमच्याकडे मात्र जेवतात. माझे बाबा ट्रक चालवतात, एवढं त्यांना पुरतं.

म्हणून चाचा-चाची लास वेगासला निघाले तेव्हा मला नवल वाटलं. चाचींचा धाकटा भाऊ तिथल्या कॅसिनोत पत्ते वाटायची नोकरी करतो. चाचा आजवर त्याच्या घरी गेले नव्हते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, पण असं काही विचारावं की नाही, हे मला अजून कळत नाही. तरी विचारलं, "चाचा, तिथं जेवणार?"

"आता बघ, डबा आहे ना."

"माझ्या भावाच्या दारात डबा काढलात तर बघा!" चाची म्हणाल्या. डबा तरीही बॅगेत गेला.

परतल्यावर चाचा तोच डबा घेऊन वर आले. आत नारळाच्या वड्या होत्या.

"मेव्हण्याने केल्यात. आता बघ, रात्रपाळी करून आला नि झोपायचं सोडून नारळ खवत बसला."

"मग तुम्ही खाल्ल्यात?"

जिन्यातून चाची ओरडल्या, "निम्म्या वड्या विमानातच संपवल्यात! उरलेल्या तरी पोरीला द्या!"