मावशीच्या माळवदावरचा नाच

निजामाच्या अमलातली गोष्ट. मी नुकतीच चाळिशी ओलांडली होती. हिंगोलीजवळच्या गोरेगावात आमच्या शेजारी एक म्हातारी एकटी राहायची. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. सगळं गाव तिला मावशी म्हणे. मागल्या पावसाळ्यात तिचं माळवद, म्हणजे मातीचं छत, गळलं आणि त्या ओलीवर ती घसरून पडली. हिंगोलीला कचेरीत कारकून असलेल्या तिच्या पुतण्यानं तेव्हाच बजावलं, "काकू, उन्हाळ्यात येऊन बघतो. छत धड नसलं तर घराला कुलूप, अन् तुमी माझ्यासंगं."

मावशी आम्हाला म्हणाली, "त्याच्या घरी मला पाणीबी मागून प्यावं लागंल रे."

म्हणून आम्ही आठ-दहा जणांनी इर्जिक करायचं ठरवलं. मजुरी न घेता सगळ्यांनी एकाचं काम उरकायचं आणि त्यानं जेवू घालायचं, अशी ही जुनी रीत. जेवण नको म्हणालो तर मावशी कडाडली, "मंग मातीबी नको. मी काय भिकारीण हाय?" शेवटी आम्हीच घरून डाळ-गूळ नेऊन चोरून तिच्या मडक्यांत भरला.

सगळे का आले, ते मला ठाऊक होतं. एक पुरणपोळीसाठी, एक बायकोच्या कटकटीतून सुटायला, एकाला आपला गळा ऐकवायचा होता. माझं कारण मात्र मी आजवर कोणाला सांगितलं नाही. माझ्या आईच्या शेवटच्या पावसाळ्यात तिची खोली गळत होती. 'उद्या माती टाकतो,' असं मी तिला रोज म्हणायचो. ती बाज ओढत कोपऱ्यात गेली. मग कोपराही गळायला लागला. गाव मला परोपकारी म्हणे आणि मी मान खाली घाली.

पण त्या दिवशी माळवदावर चढलो आणि काय झालं कोण जाणे. माती चोपायला धुमस एकच होती. गळा ऐकवायला आलेला म्हणाला, "देवानं पाय कशाला दिलेत?" आणि त्यानं अभंग धरला. आम्ही अर्धे टकले बाप्ये धोतरं खोचून नाचायला लागलो. मला हसू आवरेना. थोडं रडूही येत असावं.

खालून मावशी ओरडली, "मेल्यांनो, पुरणात माती पडून राहिली!"

आम्ही आणखी उंच उड्या मारल्या. कडाड् असा आवाज झाला आणि माझा एक पाय मांडीपर्यंत छतातून खाली गेला.

मग खालून आवाज आला, "हा पाय कोणाचा?"

"माझा, मावशी."

"मंग वर घे की! त्याला काय येगळं ताट मांडू?"

आम्ही हसून लोळत होतो, तेवढ्यात दारात गाडी थांबली. पुतण्या उतरला, आत गेला, त्यानं वर बघितलं. "काकू, सामान बांधा."

सगळ्यांचं हसू विझलं. मी पाय उपसून खाली आलो, हात जोडले. "साहेब, चूक माझी हाय. दिवस मावळेपर्यंत थांबा."

"थांबतो. पण पाणी मीच ओतून बघणार."

नवी लाकडं टाकली, वर पळसाची पानं, त्यावर माती. या वेळी सगळं धुमसनं चोपलं. संध्याकाळी पुतण्यानं तीन घागरी ओतल्या आणि आत येऊन मान वर करून बसला. मावशी नेमकी त्या भोकाखाली जाऊन उभी राहिली. मी तिच्या शेजारी होतो. बऱ्याच वेळानं एक थेंब सुटला, बरोबर तिच्या टाळूवर. ती तसूभर हलली नाही. पदर पुढं ओढून म्हणाली, "बघ, ठणठणीत कोरडं."

पुतण्यानं जमीन चाचपली, भिंती चाचपल्या. मी दात आवळून हसू गिळलं, पोट दुखेपर्यंत. मग त्यानं दोन पोळ्या खाल्ल्या. माती दाताखाली करकरत होती, तरी ताट पुसून खाल्लं. "दिवाळीला येतो, काकू," म्हणाला आणि गाडीत बसला.

गाडी वळणाआड गेली तसा मावशीनं माझा कान धरला. "हसून काय राहिला? माती उरली हाय अजून. चढ वर!"